झाडूची हजेरी

३ फेब्रुवारी, सोमवार

गळ्यात आता दोन पट्टे! एकात जुनं कार्ड, दुसऱ्यात नवा टॅग. पोळ्याला बैल सजवतात तसं वाटत होतं. तनुजाला म्हटलं, तर म्हणाली, ‘घुंगरं तेवढी राहिली.’

हा सगळा नव्या एचआरचा उद्योग. दिग्विजय सर. माझ्याच वयाचे असतील, पस्तिशीचे. बूट इतके चकचकीत की त्यात बघून टिकली लावावी. सकाळी त्यांनी लाइन थांबवली, आम्हा सगळ्या बायकांना बोर्डांपासून बाजूला घेतलं आणि भाषण केलं. ‘आता गेटवर रांग नाही. कार्ड टेकवायचं नाही. तुम्ही फक्त चालत या. दार तुम्हाला ओळखेल.’

तनुजा शेजारच्या बोर्डवर असते, आठ वर्षं झाली. माझ्या कानाशी पुटपुटली, ‘घरी नवरा ओळखत नाही, इथं दार ओळखणार!’

हसू दाबायला गेले आणि हातातली वायरींची अख्खी जुडी खाली. गाडीच्या पोटातल्या सगळ्या वायरी आम्ही ह्या बोर्डांवर एकेक रंग बघून बांधतो, हार्नेस म्हणतात त्याला. पडलेली जुडी पुन्हा लावता लावता जेवणाची वेळ झाली.

४ फेब्रुवारी

खरंच रांग नाही! बसमधून उतरले ती थेट बोर्डवर. चांगल्याला चांगलं म्हणावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्टोअरमध्ये समाधान भेटला. आमच्या परभणीकडचा, त्यामुळे बोलायला मोकळा. माझा टॅग बघून हसायलाच लागला. ‘ताई, असलाच टॅग मी दोन वर्षं झालं खोक्यांना लावतोय!’

मी म्हटलं, हसू नको, सांग. मग ह्यात आणि कार्डात फरक काय? दोन्ही बिनवायरचेच ना?

‘दोन्ही रेडिओच, पण स्वभाव वेगळा,’ म्हणाला. ‘कार्ड दोन बोटांवर नेलं तरच बोलतं. ते बी लगेच नाही. आधी समोरच्या डब्याला विचारतं, तू कोण? खात्री पटली की मग कानात, हळूच, त्यांच्या गुप्त भाषेत. टॅगला असलं काही नाही. पाच-सात मीटरवरून कुणी बी हाक मारू दे, हा लगेच बोंबलणार, मी अमुक नंबर, मी अमुक नंबर! विचारणारा कोण, कशाला विचारतोय, काय बी घेणंदेणं नाही.’

‘एसटी स्टँडवरच्या कंडक्टरसारखा!’

‘बरोबर. खोक्यांना तेच पायजे ना. ढीगभर खोकी दारातून गेली की एका दमात मोजून होतात. एकेक खोकं कोण टेकवत बसेल?’

आमच्या ह्यांच्या टेम्पोच्या काचेवर टोलचा स्टिकर आहे, तोही ह्याच जातीचा म्हणे. रात्री रोहिदासना सांगितलं तर म्हणाले, ‘मग तुझ्याही कपाळावर लावतील.’

एक मात्र विचारून घेतलं. कँटीनला अजून जुनंच कार्ड का टेकवायचं? समाधान म्हणाला, ‘तिथं थाळीचे पैसे कापतात ना, ताई. तिथं खोटं चालत नाही.’

म्हणजे थाळीसाठी कुजबुज आणि माणसासाठी बोंब! वा रे वा.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेडीज वॉशरूमच्या दारावर डबा बसवलाय!

बाकीच्या दारांवर आहे तसलाच, पांढरा, ताटाएवढा. जेंट्सच्या दारावरही एक. कोपऱ्यात हिरवा दिवा. आपण दाराखालून गेलो की दिवा लुकलुकतो. म्हणजे आपल्या टॅगने बोंब मारली. कोण गेली, किती वेळा गेली, किती वेळ बसली, सगळं सरांच्या स्क्रीनवर. त्याला नाव काय, तर ‘फ्लो स्टडी’!

आणि पहिला बळी तानुबाई. हाउसकीपिंगला आहेत, ठेकेदाराकडून. साठीच्या जवळ. मूळच्या चऱ्होलीच्या. जमीन गेली, दिरांच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, मुलगा मोठी गाडी फिरवतो. पण ह्यांना सुनेपुढे चहालासुद्धा हात पसरायचा नाही, म्हणून झाडू मारतात. अंगण त्यांचं, पॅसेज त्यांचा, आमचं वॉशरूमही त्यांचंच.

ठेकेदाराच्या माणसाने त्यांना ऑफिसात बोलावलं होतं. आल्या त्या माझ्या बोर्डपाशीच उभ्या राहिल्या. ‘अकरा येळा गेलीस म्हनं. म्या म्हनलं, व्हय गेले. साखर हाय मला. डॉक्टर म्हनतो पानी पी. पिऊ का नको? तर म्हनतो, महिनाभरात कमी कर, न्हाईतर दुसरी बाई आनतो.’

मग पदर खोचत म्हणाल्या, ‘आता मुतायला बी हजेरी!’

लाइनवर सगळ्या हसल्या. त्यापण हसल्या. पण नंतर पॅसेजमध्ये बघितलं, तर पाण्याची बाटली भरत नव्हत्या. नळापाशी नुसत्या उभ्या होत्या.

११ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत प्रयोग. तनुजाने पोळ्यांच्या चंदेरी कागदात टॅग गुंडाळला आणि दाराखालून गेली. दिवा गप्प!! पुन्हा गेली. गप्प! ‘मी भूत झाले गं!’ म्हणून तिथेच नाचली.

समाधान म्हणतो, पत्रा आणि पाणी हे टॅगचे दोन वैरी. अंगाला घट्ट चिकटवला तरी त्याची बोबडी वळते, कारण आपल्या अंगातही पाणीच.

पण कागदाने भागायचं नाही. तानुबाई कुठेच दिसल्या नाहीत तर गैरहजर म्हणून पगार कापतील. गायब नाही व्हायचं. कामावर दिसायचं. डोकं चालवायला पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीत एक मांजर आहे. फ्यूज. करडी, माजोरी, कोणाच्या बापाला न भिणारी. आज सकाळी तनुजाने स्वतःचा टॅग तिच्या गळ्यात बांधला, सैल, वायरीवरच्या मऊ टेपने. मी नको नको म्हणत होते. टेप मीच कापून दिली.

१४ फेब्रुवारी

आजचा दिवस मरेपर्यंत विसरणार नाही!

दिग्विजय सर हातात टॅब घेऊन लाइनवर आले. चेहरा गंभीर. ‘तनुजा मॅडम, काल सकाळभर तुम्ही कँटीनच्या मागे होतात?’

‘नाही सर. बोर्डवर होते.’

‘मग डिस्पॅचला? दुपारभर स्क्रॅप यार्डात? आणि हे...’ त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला. ‘जेंट्स वॉशरूम?’

मी बोर्डखाली वाकले. काही पडलं नव्हतं. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.

तनुजा काय बाई! डोळे मोठे करून, ‘सर, माझे हार्नेस मोजा. काल टार्गेटपेक्षा चार जास्त आहेत. मी जेंट्समध्ये बसून बांधले असतील का?’

‘टॅग खोटं बोलत नाही, मॅडम.’

‘मग मी बोलते का सर?’

सर टॅब काखेत मारून निघून गेले. दुपारी डबे बसवणाऱ्या कंपनीचा माणूस शिडी घेऊन आला आणि सुट्टी होईपर्यंत डबे पुसत, फिरवत बसला. फ्यूज त्याच्या शिडीखाली झोपली होती. टॅग अर्थातच तनुजाच्या गळ्यात परत आला होता.

घरी येऊन रोहिदासना सांगितलं. हसले, मग म्हणाले, ‘नोकरी घालवशील एक दिवस.’

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!

तानुबाईंचे झाडू दोन. एक आतला मऊ, एक अंगणातला खराट्याचा. अंगणातला लिंबाच्या झाडाला टेकवलेला असतो. तिथेच खांबावर एक डबा आहे. आग लागली की सगळ्यांनी तिथे जमायचं, तेव्हा मोजायला म्हणून. तानुबाईंचा टॅग खराट्याच्या मुठीत खोचला, वर चिंधी गुंडाळली. चिंधीला टॅग दबत नाही.

आता स्क्रीनवर तानुबाई दिवसभर अंगण झाडतात! उन्हात! न थकता! तानुबाई प्रत्यक्षात कुठे का असेनात.

मी शिकवायला लागले की सकाळी आत आल्यावर खोचायचा, संध्याकाळी घरी जाताना काढायचा. तर मला म्हणतात, ‘कळलं गं. तुझ्या आईच्या वयाची हाय. चोऱ्या काय मला शिकवतीस.’

१८ फेब्रुवारी

तानुबाईंनी आज तीन बाटल्या पाणी प्यायलं. दाखवून दाखवून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हद्द झाली. सकाळच्या मीटिंगमध्ये दिग्विजय सर म्हणाले, ‘तानुबाईंकडून शिका सगळ्यांनी. ह्या वयात अंगण सोडून हलत नाहीत. सुधारायचं मनावर घेतलं की माणूस सुधारतो!’ त्यांना महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी करायचा विचार आहे म्हणे. नोटीस बोर्डवर फोटो, शाल आणि नारळ.

तानुबाई पॅसेजच्या कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणजे अंगणात नव्हत्याच! सरांनी समोर बघितलं असतं तर दिसल्या असत्या. पण सर स्क्रीनकडे बघत होते.

मला नंतर म्हणाल्या, ‘शाल खराट्याला घाला म्हनावं. नारळ तेवढा मला द्या, वड्या व्हतील.’

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दुपारच्या चहाच्या आधी पॅकिंगला आग लागली. खोक्यांना प्लॅस्टिक गुंडाळायचं मशीन आहे, तिथून. फोम, खोकी, सगळं तिथेच रचलेलं. आधी वास आला, मग भोंगा. आम्ही ओळीने बाहेर पडलो, शिकवल्यासारखं. धूर काळा, जड. वायरीचं प्लॅस्टिक जळालं की घसा धरतो.

लिंबाखाली जमलो. आधी इथे नावं पुकारायचे आणि आपण ‘हजर’ म्हणायचं. आज पुकारली नाहीत. दिग्विजय सरांनी टॅब वर धरला. ‘सगळे बाहेर! प्रत्येक टॅग इथं दिसतोय!’ आवाजात आनंद होता. खरा आनंद. अग्निशमनची गाडी आली. जवान उतरता उतरता ओरडला, ‘आत कोणी आहे का?’

‘कोणी नाही!’ सर म्हणाले.

मी झाडाकडे बघितलं. खराटा उभा होता. चिंधी गुंडाळलेला.

तानुबाई नव्हत्या. पुढे नाही, मागे नाही, गेटकडे नाही. तनुजाने माझ्याकडे बघितलं. लेडीज वॉशरूम पॅकिंगच्या पॅसेजलाच आहे.

‘सर, तानुबाई आत आहेत!’

‘नाहीत, विजयश्री मॅडम. इथेच आहेत. हे बघा...’ टॅब माझ्यापुढे धरला. हिरवा ठिपका. लिंबाखाली. नाव तानुबाई.

‘सर, तो झाडू आहे!’

सरांना कळेना. मी धावत जाऊन खराटा उचलला, चिंधी ओढून काढली, टॅग त्यांच्या हातात दिला. ‘आम्ही लावलाय. मी लावलाय. तानुबाई वॉशरूममध्ये आहेत!’

ते टॅगकडे बघत राहिले. मग टॅब टाकला, जमिनीवरच, आणि त्या चकचकीत बुटांनी पळत सुटले. जवानांना ओरडत, ‘डावीकडून! मागच्या दाराने! पॅसेजच्या टोकाला!’ जवानांनी त्यांना मागे ढकललं, तरी दारापर्यंत गेले. रुमाल तोंडाला धरून दार उघडं धरून उभे राहिले, आत शिरलेले दोघे जवान बाहेर येईपर्यंत.

तानुबाईंना जवानांनी उचलून आणलं. नळ सोडून, ओला पदर तोंडावर धरून, खालीच बसल्या होत्या. पॅसेजमध्ये धूर दिसला म्हणून बाहेर पडल्याच नाहीत. तोंड काळं, डोळे उघडे. खोकत होत्या. खोकत होत्या म्हणजे जिवंत होत्या.

मी तिथेच मातीत बसले.

२६ फेब्रुवारी

चाकणच्या हॉस्पिटलात जाऊन आले. ऑक्सिजन लावलाय, पण उद्या-परवा सोडतील. सूनबाई उशाशी बसून मोसंबी सोलत होती. तानुबाईंनी तिच्याकडे बोट करून मला डोळा मारला.

म्हटलं, तानुबाई, माझ्यामुळे झालं हे. बोलू दिलं नाही. ‘गप. खराटा माजा, चिंधी माजी. तू कोन?’

थोड्या वेळाने, ‘मला भाईर काडायची घाई कुनी केली?’

‘दिग्विजय सरांनी. दार धरून उभे होते.’

‘आसं व्हय.’ मग मास्क बाजूला करून, ‘बसले किती मिनटं, त्ये न्हाई मोजलं त्येंनी?’

नर्स आली म्हणून बरं. नाहीतर आम्ही दोघी हसून हसून पुन्हा ऑक्सिजनवर गेलो असतो. बाहेर येऊन जिन्यात रडले. बराच वेळ.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दिग्विजय सरांनी ऑफिसात बोलावलं. राजीनामा द्यायची मनाची तयारी करून गेले होते. रोहिदास म्हणाले होते, ‘खरं सांग आणि ये. टेम्पो आहे आपला.’

सगळं सांगितलं. खराट्याचं, फ्यूजचं, जेंट्स वॉशरूमचं. तनुजाचं नाव नाही घेतलं, पण मांजरीच्या गळ्यात कोणाचा टॅग होता हे त्यांना माहीतच होतं. ते ऐकताना त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मी बघितला.

मग खिडकीकडे तोंड करून बोलले. ‘मी जवानाला सांगितलं, आत कोणी नाही. नावं पुकारली नाहीत. एकदासुद्धा मान वर करून बघितलं नाही. तुम्ही बोलला नसता तर...’

मी म्हटलं, सर, तुम्ही वॉशरूमवर डबा लावला नसता तर खराट्याला टॅग लागला नसता.

‘हो,’ म्हणाले. ‘आणि तुम्ही माझ्याकडे येऊन भांडला असता तर?’

आलो असतो तर ऐकलं असतं का? हे ओठांवर आलं होतं. गिळलं. कारण खरं तर आम्ही गेलोच नव्हतो. चेष्टा करणं सोपं होतं. मजा यायची.

५ मार्च

निकाल. मला लेखी ताकीद, फायलीत कायमची. वॉशरूमवरचा डबा काढला, जेंट्सवरचाही. समाधानने स्वतः शिडी लावून उतरवला, बायकांनी टाळ्या वाजवल्या! दारांवरचे डबे राहणार. पण आग लागली तर लिंबाखाली प्रत्येकीने जुनं कार्ड स्वतःच्या हाताने टेकवायचं, आणि शिवाय नावं पुकारायची. समाधान म्हणतो, बरोबर आहे. टॅगला माणूस लागत नाही, झाडू चालतो. कार्डालाही झाडू चालला असता, पण झाडू चालत जाऊन टेकत नाही ना!

तानुबाई सोमवारपासून येणार. ठेकेदार आता त्यांना ‘आई’ म्हणतो.

७ मार्च, शुक्रवार

दिग्विजय सरांनी पुन्हा बोलावलं. म्हटलं, आता काय उरलं? तर म्हणाले, ‘स्क्रीन बघायला माणूस पाहिजे. फसवायचे सगळे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्हीच बसा.’ मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती.

तनुजा ओरडलीच, ‘आपली बाई आत! आता आपलं राज्य!’ कँटीनमध्ये सगळ्यांना जिलेबी दिली तिने. फ्यूजलापण.

१० मार्च, सोमवार

पहिला दिवस. एसी, फिरती खुर्ची, समोर सगळ्यांचे हिरवे ठिपके. गंमत वाटत होती. दुपारी बघते तर तनुजाचा ठिपका मागच्या दारापाशी. गेला नाही. अजून गेला नाही. अजून तिथेच! बाई, लाइन थांबलीय, चहा किती वेळ पिशील? मी फोन उचलला, तिच्या सुपरवायझरला लावला.

पलीकडून ‘हॅलो’ आला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करायला निघाले होते.